जिथे लाट फुटत नाही

दिवाळी जवळ आली की नागपुरातल्या आमच्या पोहण्याच्या टँकवर, जिथे मी शिकवते, हा प्रश्न येतोच. "मॅडम, पोट्टा आता मस्त पोहून राहिला. मंग समुद्रात सोडलं तं चालते ना?" विचारणारे बाबा गाडी सुरू ठेवूनच उभे असतात, गणपतीपुळ्याचं बुकिंग झालेलं असतं, आणि माझ्याकडून त्यांना फक्त 'हो' ऐकायचं असतं. मी उलट विचारते, "कुठला बीच? किती वाजता? आणि पाण्यात उतरायची जागा कोण ठरवणार?" तिसऱ्या प्रश्नावर बहुतेक जण हसतात. जागा काय ठरवायची त्यात! जिथे लाटा कमी, तिथे उतरायचं.

गोची नेमकी इथेच आहे, म्हणून यंदा लिहूनच काढते.

समुद्र आपल्याला दोन्हीकडून लांब. नागपूरच्या झिरो माइलवरून नकाशावर सरळ रेघ मारली तर अरबी समुद्रापेक्षा बंगालचा उपसागर जवळ पडतो, हे सांगितलं तर लोकांना पटत नाही. पण जवळ म्हणजे तरी साडेपाचशे किलोमीटरच्या वर. त्यामुळे आपला पाण्याबद्दलचा डोळा तयार होतो तो अंबाझरी, फुटाळा, खिंडसी असल्या तलावांवर. तिथे पाणी हललं की वारा सुटला, आणि पाणी शांत असलं की सगळं ठीक, एवढंच आपल्याला कळतं. (तलावांच्या बाबतीतही ते पूर्ण खरं नाही. शहराबाहेरच्या जुन्या खदानी पाहा. पाणी आरशासारखं, आणि काठापासून दोन पावलांवर तळच नाही.) हाच डोळा घेऊन आपण बाराशे-पंधराशे रुपयांच्या खोलीतून बाहेर पडतो, वाळूवर उभे राहतो आणि समोर बघतो. डावीकडे पांढरा फेस, धडाधड फुटणाऱ्या लाटा. उजवीकडेही तेच. मधे मात्र दहा-वीस मीटर रुंदीचा एक पट्टा, गडद हिरवा, जवळजवळ शांत. आई म्हणते, "पोरांना तिकडे ने, तिकडे लाटा नाहीत."

तोच रिप करंट असू शकतो, म्हणजे किनाऱ्याकडून समुद्रात आत ओढून नेणारा अरुंद प्रवाह.

त्यामागचं कारण समजून घ्यायला अवघड नाही. लाटा सतत किनाऱ्याकडे पाणी आणून टाकत असतात. ते पाणी कुठून तरी परत जायला हवं. किनाऱ्यापासून थोडं आत, पाण्याखाली वाळूचे उंचवटे असतात. तिथे पाणी उथळ होतं आणि लाट फुटते. अशा दोन उंचवट्यांच्या मधे जी फट असते, तिच्यातून किनाऱ्याशी साचलेलं सगळं पाणी एकवटून समुद्राकडे धावतं. फटीत पाणी खोल, म्हणून तिथे लाट फुटत नाही, म्हणून फेस नाही, म्हणून ती जागा आपल्याला सुरक्षित वाटते. खडकाच्या कडेला आणि जेट्टीच्या बाजूला असा प्रवाह बहुधा ठरलेल्या जागी असतो. मोकळ्या वाळूच्या किनाऱ्यावर मात्र तो जागा बदलतो. गेल्या वर्षी आपण जिथे मजेत डुंबलो होतो तिथे यंदा तीच फट असू शकते, कारण पावसाळ्यात तळाची वाळू सगळी इकडची तिकडे झालेली असते.

मला स्वतःला हे पुस्तकातून नीट कळलं नव्हतं. माझी मोठी बहीण लग्न होऊन गुहागरला गेली. एका नोव्हेंबरात तिच्याकडे गेले असताना भाऊजींनी आम्हाला तवसाळहून फेरीबोटीने जयगडला उतरवून पुढे गणपतीपुळे, आणि तिथून आरे-वारेला नेलं. आरे-वारेचा रस्ता डोंगराच्या अंगाने जातो आणि वरून दोन्ही किनारे दिसतात. फोटोसाठी सगळ्या गाड्या तिथे थांबतात. भाऊजी म्हणाले, "फोटो काढ, पण आधी पाच मिनिटं नुसतं पाणी बघ." वरून ते खरंच स्वच्छ दिसत होतं. लाटांच्या पांढऱ्या रेघा एकामागून एक येत होत्या आणि एका जागी प्रत्येक रेघ तुटत होती. तुटलेल्या जागेतून मातकट पाण्याचा एक पट्टा लाटांच्या ओळी ओलांडून पार आत गेला होता, आणि टोकाशी पसरून विरला होता. त्याच्यावर फेसाचे तुकडे होते. सगळा समुद्र किनाऱ्याकडे येत होता आणि ते तुकडे तेवढे उलट्या दिशेने चालले होते.

खाली वाळूवर एक कुटुंब चालत चालत बरोबर त्या तुटलेल्या जागेसमोर आलं आणि तिथेच चपला काढल्या. "बघ," भाऊजी म्हणाले, "इतका मोठा किनारा आहे, पण माणूस तिथेच येतो." ती मंडळी घोट्यापर्यंतच गेली आणि परत फिरली, नाही तर आम्ही वरून ओरडूनही काही उपयोग नव्हता.

म्हणून माझं पहिलं सांगणं हेच असतं: बीचवर पोचल्यावर थेट पाण्याकडे धावू नका. एखादा उंचवटा, बांध, हॉटेलची गच्ची, मिळेल तिथून दहा मिनिटं बघा. एकदोन मिनिटांत कळत नाही, कारण मोठ्या लाटा थव्याने येतात आणि मधे समुद्र दम खातो. त्या दम खाण्यालाच लोक शांत समुद्र समजतात. लाटांची ओळ कुठे तुटते, पाण्याचा रंग कुठे बदलतो, आजूबाजूचं पाणी गुळगुळीत असताना एखाद्या पट्ट्यावरच खळखळ कुठे आहे, काटक्या-फेस कुठून उलटे जातात, एवढं बघायचं. चारही खुणा एकदम दिसतील असं नाही. पोलराइज्ड गॉगल असेल तर पाण्यावरची चमक कमी होते आणि रंगातला फरक नीट दिसतो. ऑस्ट्रेलियातले प्राध्यापक रॉब ब्रँडर अशा प्रवाहात जांभळा रंग सोडून लोकांना दाखवतात. त्याचे व्हिडिओ इंटरनेटवर आहेत. मी टँकवरच्या पोरांना ते मोबाइलवर दाखवते. रंग टाकल्यावर काही क्षणांतच तो आत निघालेला बघून एरवी ऐकत नसलेली पोरंसुद्धा गप्प होतात.

आता 'पोट्टा मस्त पोहतो' याबद्दल. माझ्या बॅचमधलं चांगलं पोहणारं पोरगं टँकची 25 मीटरची लांबी साधारण तीस सेकंदांत कापतं, म्हणजे सेकंदाला पाऊण मीटरच्या थोडं वर. रिप करंटचा नेहमीचा वेग सेकंदाला एक ते दोन फूट धरतात, म्हणजे 30 ते 60 सेंटिमीटर. कागदावर आपलं पोरगं जिंकतं. पण ते तीस सेकंद म्हणजे गोडं सपाट पाणी, तळावरची काळी रेघ, भिंतीला मारलेला पाय आणि पलीकडे पकडायला पाइप. समुद्रात यातलं काहीच नाही; तोंडावर लाट येते, खारं पाणी नाकात जातं, पुढे काही दिसत नाही. दोन मिनिटांत दम संपतो आणि प्रवाहाला दम नावाची गोष्टच नाही. शिवाय हा प्रवाह कधीकधी सेकंदाला आठ फुटांपर्यंत जातो. ब्राझीलच्या सेझार सिएलोने 2009 मध्ये 50 मीटर 20.91 सेकंदांत पोहून विश्वविक्रम केला होता. त्याचा हिशेब केला तर सेकंदाला आठ फुटांच्या किंचित खाली भरतो. म्हणजे जगातला सगळ्यात वेगवान पोहणारा जीव तोडून पोहला तरी तिथल्या तिथेच राहील. आपल्या बॅचमधल्या पोराचं काय घेऊन बसलात!

मग काय करायचं? याचं उत्तर विदर्भातल्या जुन्या लोकांना माहीत होतं, त्यांनी समुद्र पाहिलेला नसला तरी. माझं आजोळ पवनीकडचं. मामाने मला वैनगंगेत पोहायला शिकवलं, टँक फार नंतर आला. नदी भरलेली असली की मामा एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायचा: "धारेशी भांडू नोको बाई. आडवी निंग." ज्या काठावरून उतरलो तिथेच परत यायचा हट्ट धरायचा नाही, धार खाली नेईल तेवढं जाऊ द्यायचं आणि तिरपं कापत काठ गाठायचा, मग काठाने चालत वर यायचं. नदीवर मासे धरणारी ढीवर मंडळी डोंगासुद्धा, म्हणजे त्यांची लाकडी होडी, तशीच नेतात. रिप करंट म्हणजे समुद्राच्या आत वाहणारी एक अरुंद नदीच आहे, आणि तिचे काठ म्हणजे दोन्ही बाजूंचं लाटा फुटणारं पाणी. त्या नदीतून बाहेर पडायचं तर किनाऱ्याला समांतर पोहायचं, जिकडे पांढरा फेस दिसतो तिकडे. फुटणाऱ्या लाटांची आपल्याला एरवी भीती वाटते, पण त्या वेळी त्याच लाटा आपल्याला किनाऱ्याकडे ढकलतात. एका बाजूला पोहताना पुढे सरकतच नाही असं वाटलं तर प्रवाह तिरका वाहत असणार; दुसऱ्या बाजूला वळायचं.

टँकवर शिकलेल्या पोरांना मात्र ही गोष्ट अंगात नसते. टँक तुम्हाला भिंतीकडे सरळ पोहायला शिकवतो. संकटात माणूस शिकलेलंच करतो, आणि सरळ किनाऱ्याकडे तोंड करून पोहू लागतो. किनारा समोर दिसत असतो, आईबाबा दिसत असतात, आणि ते हळूहळू लांब जात असतात. त्यातून जी घाबरगुंडी उडते ती प्रवाहापेक्षा वाईट. लोक म्हणतात "पाण्याने खाली ओढलं". रिप करंट खाली ओढत नाही, तो बाहेर नेतो. लाटा फुटतात त्या ओळीच्या थोडं पलीकडे त्याचा जोर बहुतेक वेळा संपतो, आणि कधीकधी तो वळसा घेऊन परत उथळ पाण्याकडेही येतो. माणूस बुडतो तो थकून आणि घाबरून.

म्हणून पोहण्याच्याही आधी तरंगणं. ब्रिटनमधली आरएनएलआय ही समुद्रातल्या बचावाचं काम करणारी संस्था 1824 पासून आहे, आणि तिचा आजचा मुख्य सल्ला 'फ्लोट टू लिव्ह' एवढाच आहे: डोकं मागे टाका, कान पाण्यात जाऊ द्या, हातपाय सैल सोडा, श्वास ताब्यात आला की मग हात वर करून मदत मागा. समुद्राचं पाणी गोड्या पाण्यापेक्षा साधारण अडीच टक्के जड असतं, त्यामुळे टँकपेक्षा तिथे तरंगायला सोपं जातं. माझ्याकडे पहिला आठवडा मी पोरांना पाठीवर तरंगायलाच लावते. त्यावर एका आजोबांनी गेटवर मला सुनावलं होतं, "फी भरली पोहायची, आणि पोट्टं झोपूनच राहिलं पाण्यात!" झोपू द्या म्हटलं आजोबा, तेच शिकवून राहिली.

वेळेबद्दल विचारते त्याचंही कारण आहे. भरती-ओहोटी आणि रिप करंट या दोन वेगळ्या गोष्टी, पण ओहोटीला वाळूचे उंचवटे वर येतात, परतणारं पाणी फटींमधून जास्त एकवटतं, आणि पुष्कळ किनाऱ्यांवर तेव्हाच ओढ वाढते. सकाळी आठला जिथे काही वाटलं नाही तिथे अकराला पाय घसरू लागतात. कोकणातल्या घरी भरतीची वेळ काढायची जुनी युक्ती आहे: तिथीला तीनने गुणा, चारने भागा. चतुर्थी असेल तर चार त्रिक बारा, भागिले चार, तीन. म्हणजे दुपारी तीनच्या आणि पहाटे तीनच्या सुमाराला पूर्ण भरती, आणि सकाळी व रात्री नऊच्या सुमाराला ओहोटी. अष्टमीला सहा. भिंतीवरचं कालनिर्णय बघून हे नागपुरात बसूनही काढता येतं, आणि संकष्टीला किंवा अंगारकीला गणपतीपुळ्याला जाणाऱ्यांनी तर काढावंच, कारण दर्शनानंतर सगळी गर्दी समोरच्याच पाण्यात उतरते. एखादा तास मागेपुढे होतो, नेमकी वेळ हवी तर भरती-ओहोटीचं कोष्टक बघा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, तेव्हा पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतं. आणि हा हिशेब कोकण किनाऱ्याचा आहे, पुरीला लावू नका.

पुरीवरून आठवलं. आपल्याकडून जगन्नाथाला जाणारे पुष्कळ. तिथे पांढरी टोकदार टोपी घातलेले नोलिया असतात, पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी करणारे, ते यात्रेकरूंना हाताला धरून पाण्यात नेतात. थोडे पैसे घेतात. द्या. ते पाणी आपल्याला कळत नाही, त्यांना कळतं.

"आम्ही पावसाळ्यात थोडीच जातो" हेही वाक्य नेहमी ऐकते. पावसाळ्यात जाणारे आहेत, कमी नाहीत; समृद्धी महामार्ग पूर्ण सुरू झाल्यापासून जुलैच्या शनिवार-रविवारला जोडून सुट्टी आली की गाड्या काढून निघतात. त्याच जुलैत राज्यात यांत्रिक बोटींच्या मासेमारीला बंदी असते, 1 जून ते 31 जुलै. कोळी स्वतः नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिल्याशिवाय होडी लोटत नाहीत, आणि आपण हाफ पँट घालून उतरतो. पण कोरड्या हंगामाचीही हमी नाही. 1 फेब्रुवारी 2016 ला मुरुड-जंजिऱ्याच्या किनाऱ्यावर पुण्याच्या एका कॉलेजच्या सहलीतले 14 विद्यार्थी बुडाले. फेब्रुवारी म्हणजे कोकणात फिरायचा ऐन हंगाम, ना पाऊस ना वादळ. आकाश निरभ्र असतानाही हजारो किलोमीटरवरच्या वादळात उठलेल्या लाटा आपल्या किनाऱ्यावर येऊन पोचतात. हैदराबादची इन्कॉइस ही सरकारी संस्था लाटांचा अंदाज आणि उंच लाटांचे इशारे देते. निघायच्या आदल्या दिवशी तो बघायला दोन मिनिटं लागतात.

लाल-पिवळा झेंडा दिसला तर दोन झेंड्यांच्या मधल्याच पाण्यात राहा, तिथे जीवरक्षकांची नजर असते. नुसता लाल असेल तर पाण्यात जायचं नाही. गोव्यात ही व्यवस्था चांगली आहे. कोकणातल्या कितीतरी किनाऱ्यांवर झेंडाही नाही आणि जीवरक्षकही नाही, आणि जिथे आहेत तिथे संध्याकाळी ते घरी जातात, आपली मंडळी मात्र सूर्यास्ताच्या फोटोसाठी कमरेएवढ्या पाण्यात. अशा ठिकाणी शहाळीवाल्याला, जाळं विणत बसलेल्या काकांना विचारा. "कुठे पोहायचं?" असं विचारलं तर कुठेही जा म्हणतील. "काका, कुठे उतरायचं नाही?" असं विचारा, बोटाने दाखवतील.

आणि सगळ्यात कठीण गोष्ट. कोणी वाहून जाताना दिसला तर मागोमाग उडी टाकायची नाही. आपल्याकडच्या तलावांच्या, खदानींच्या बातम्या आठवा: एक घसरला, त्याला काढायला दुसरा गेला, दुसऱ्यासाठी तिसरा. समुद्रावरही तेच होतं, आणि वाचवायला जाणारा बहुतेक वेळा बाप, भाऊ किंवा मित्र असतो. जीवरक्षकाला हाक मारा, 112 लावा, एकाने बोट दाखवत त्याच्यावरची नजर हलवायची नाही. तरंगेल असं काहीही फेका. गाडीत पाच लिटरचा पाण्याचा कॅन असतोच. रिकामा करून झाकण घट्ट लावलं की तो माणसाला धरून ठेवायला पुरतो. सोबत दोरी बांधली असेल तर उत्तमच. त्याला ओरडून सांगा, "पोहू नको, पाठीवर पड!" बाहेर काढल्यावर उलटं टांगणं, पोट दाबणं, गरगर फिरवणं, यातलं काहीही करू नका. श्वास नसेल तर तोंडाने श्वास आणि छातीवर दाब, लगेच, तिथेच वाळूवर. हे कुटुंबातल्या एकाला तरी यायला हवं.

बायकांना एक वेगळं सांगते, कारण माझी सकाळची बॅच बायकांचीच आहे. पंजाबी ड्रेस आणि ओढणी, किंवा साडी, भिजली की पायात गुंतते, आणि गुडघ्याएवढ्या पाण्यातही माघारी जाणारी लाट पायाखालची वाळू काढून नेते. लेकराचा हात धरून आपण उभ्या असतो आणि दोघंही एकदम पडतो. पोराला कडेवर घेऊन आत जाऊ नका, आणि पाण्याकडे पाठ करून फोटो तर अजिबात नको.

दिवाळीच्या चार दिवसांत टँक बंद राहील. त्याआधीचे दोन्ही रविवार, सकाळी साडेसहाला, मी खोल बाजूला कपड्यांसकट तरंगायचा आणि आडवं पोहून बाहेर पडायचा सराव घेणार आहे. काळ्या रेघेवरून पोहायचं नाही, रेघ ओलांडत जायचं. ज्यांचं कोकण किंवा पुरीचं बुकिंग आहे त्यांनी पोरांना पाठवा, स्वतःही या. जुना टी-शर्ट आणि जुनी पँट आणा, जीन्स नको, ती वाळत नाही आणि मग तुम्ही मला बोलता.